राजा नको, हक्क हवा!



‘देश मजबूत व्हायचा तर मतपेटी नको, हिंदू राजा हवा’ असं रायगडाकडं बोट दाखवून कुणी सांगू लागला, तर त्याला त्रावणकोरची आठवण द्या.

१९४७ च्या जूनात केरळातल्या त्या संस्थानाच्या दिवाणांनी भारताबाहेर राहायचा पुकारा केला. तेव्हा अखंड हिंदुस्थानची गर्जना करणाऱ्या सावरकरांनीच तार करून पाठिंबा दिला! का? तर गादी हिंदू राजाची! म्हणजे गादी राहिली की देश तुटला तरी चालतो!

त्याच राज्यात १९४६ साली पुन्नप्रा-वायलारला काथ्याच्या कामगारांना गोळ्या घातल्या. मेले त्यांत हिंदू नव्हते काय? गोळी धर्म विचारत नाही, मजुरी मागणारी छाती बघते.

आमच्या किनाऱ्यावर जंजिऱ्याचा नबाब होता. १९४८ साली प्रजा उठली, त्याचं राज्य गेलं. नबाब घालवला तो महाराज बसवायला नव्हे!

शिवरायांना मुजरा, पण त्यांच्या आडून बिनजाब सत्ता मागणाऱ्याला नाही. १९६० ला महाराष्ट्र मिळाला तो १०६ हुतात्म्यांच्या रक्तानं. कुठल्या राजानं तो दान दिला नाही.

मताचा हक्क सोडू नका!