धुराड्याची डागडुजी

दोन भांड्यांच्या बांधीव चुलीत धुराची वाट तीन तुकड्यांची असते. पहिला तुकडा जाळापासून वैलाखालून जाणारा बोगदा, दुसरा भिंतीलगतचा गुडघा आणि तिसरा छपराबाहेर निघणारा उभा पाइप. यांतला कुठलाही बिघडला तरी घरातून तक्रार एकच येते, ‘चूल ओढत नाही’. मिस्त्री मग वर पाहतो, कारण पाइप डोळ्यांना दिसतो. खोड मात्र बहुधा खाली, बोगद्यात नाहीतर गुडघ्यात असते.

यवतमाळ जिल्ह्यात हे खाली बिघडण्याला जमीनही कारण आहे. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि भेगाळते. तिच्यावर उभी असलेली भिंत आणि जमिनीवर ठेवलेली चूल एकाच मापाने हलत नाहीत. ताण येतो तो दोघींना जोडणाऱ्या गुडघ्यावर. तिथे सिमेंटचा घट्ट सांधा भरला, तर दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत केसाएवढी चीर दिसते आणि त्या चिरेतून गार हवा आत शिरून धुराड्याची ओढ मारते. धूर बाहेर येण्याआधीच चूल मंदावलेली असते.

दुसरे कारण सरपण. कापूस निघाला की पऱ्हाटी आणि तूर झोडपली की तुराटी अंगणात रचली जाते. जूनअखेर ढीग भिजतो. ओले सरपण धुमसते, त्याचा धूर थंड असतो आणि पाइपच्या वरच्या भागात डांबरासारखा चिकट, चकचकीत थर धरतो. कोरडी काजळी बोटाने निघते. हा थर निघत नाही, आणि एखाद्या दिवशी जोराचा जाळ झाला की तोच पेटतो. गवताच्या किंवा सागाच्या वाशांच्या छपराखाली ही गोष्ट साधी नाही.

तपासणी सोपी आहे. चूल गार असताना गुडघ्याची झाकणी काढून दिवसा आरसा तिरका धरला, तर वरच्या आभाळाचा गोल दिसतो. गोल अर्धा दिसला तर अडथळा आहे. चिरा शोधण्यासाठी थोडे ओले गवत पेटवावे आणि पाइपच्या तोंडावर क्षणभर ओले पोते टाकावे. धूर जिथून झिरपेल तिथे कोळशाने खूण करावी. दारे-खिडक्या उघड्या हव्यात आणि पोरेबाळे बाहेर.

साफसफाई वरून खाली. दोराला दगड आणि त्याच्या वर काथ्याचा बोळा बांधून तो चार-सहा वेळा फिरवला की कोरडी काजळी गुडघ्यात पडते. पाइप ॲस्बेस्टॉस सिमेंटचा असेल तर ही रीत लागू नाही. सुधारित चुलींच्या जुन्या सरकारी कार्यक्रमात (१९८३ ते २००२) असे पाइप सर्रास बसले आणि काही घरांत अजून आहेत. ते कोरडे घासू नयेत, करवतीने कापू नयेत. ओले करून, अख्खे उतरवावेत आणि तुकडे पोत्यात बांधून वेगळे ठेवावेत. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली ॲस्बेस्टॉसबाबत निर्देश दिले ते उद्योगातल्या कामगारांसाठी. गावात पाइप कापणाऱ्या मिस्त्रीची काळजी त्यालाच घ्यावी लागते.

तडकलेल्या पाइपात नवा पाइप घालण्याचा, म्हणजे अस्तर देण्याचा मोह होतो. इथे गणित आधी करावे. चार इंची पाइपात तीन इंची घातला की धुराची वाट क्षेत्रफळाने ५६ टक्केच उरते. मोठ्या जाळाच्या चुलीला ती पुरत नाही आणि मग धूर तोंडातूनच परततो. म्हणून अस्तर फक्त रुंद, विटांच्या धुराड्यांना योग्य. चार इंची किंवा त्याहून अरुंद पाइप फुटला तर तो बदलावा. अस्तर देताना पाइप आणि वीट यांच्यामधली फट राख व चिकणमाती कालवून भरावी, म्हणजे धूर गार होत नाही.

जस्ताचा मुलामा दिलेला पत्र्याचा पाइप स्वस्त पडतो, पण जस्त ४२० अंशांच्या आसपास वितळते आणि त्याआधीच मुलामा सोलायला लागतो. त्यामुळे जाळाजवळचा पहिला हातभर भाग कुंभाराच्या भाजक्या नळ्यांचा किंवा विटांचा ठेवून पत्रा त्याच्या वर सुरू करावा. गुडघ्याचा सांधा सिमेंटने भरू नये. पांढरी माती, चाळलेली राख आणि बारीक कापलेले तनस यांचा गारा मऊ असतो, जमिनीबरोबर हलतो, आणि चिरलाच तर घरातली बाई सारवतानाच तो बुजवू शकते. बाहेरून बोलावलेल्या मिस्त्रीच्या पक्क्या सांध्यापेक्षा घरच्या हाताला जमणारा कच्चा सांधा अधिक टिकतो. ओडिशातल्या गावांत चार वर्षे झालेल्या पाहणीत हेच दुसऱ्या बाजूने दिसले. पहिल्या वर्षी सुधारित चुलींमुळे धूर कमी झाला. पुढे लोकांनी चुली नीट वापरल्या नाहीत आणि दुरुस्त केल्या नाहीत. फायदा विरून गेला. चुली बसवल्याचे आकडे कार्यालयात जमा होतात, सांधे भरल्याचे होत नाहीत.

छपराशी काम अधिक सावध. उघड्या पाइपपासून लाकूड किंवा गवत एक हात, म्हणजे १८ इंच दूर हवे. कवेलूच्या घरात वासे दाट असतात. तिथे एखादा वासा कापून, त्याचा भार आडव्या तुकड्यावर घेऊन, पाइपभोवती टिनाचा रुंद पत्रा बसवावा. पत्र्याची वरची कड वरच्या कवेलूंखाली आणि खालची कड खालच्या कवेलूंवर आली, की पावसाचे पाणी आत उतरत नाही. वानरांच्या उड्यांनी कवेलू सरकतात, तेव्हा पावसाळ्याआधी ही जागा दरवर्षी पाहावी. पाइपचे तोंड छपरापासून किमान दोन फूट वर असावे आणि टोपीखाली पाइपच्या व्यासाएवढी मोकळी जागा राहावी. टोपी खाली दाबून बसवली की पाऊस थांबतो आणि ओढही थांबते.

नवा गारा दोन दिवस सावलीत सुकू द्यावा. तिसऱ्या दिवशी तुराटीच्या चार काड्यांचा जाळ, संध्याकाळी थोडा मोठा, चौथ्या दिवशी भाकरी. त्यानंतर पोत्याची चाचणी पुन्हा घ्यावी.