कार्यकर्ता म्हणजे एकसाली प्लॉट नव्हे

संघटनेच्या पूर्णवेळ कार्यकर्त्यांसाठी लेखी नियम करा, अशी मागणी आम्ही पाड्यांवरच्या काही कार्यकर्त्यांनी कार्यकारिणीपुढे ठेवली. मानधन किती आणि कोणत्या तारखेला, सुट्टी कशी, बाळंतपणात काय, तुरुंगात गेलं तर घरच्यांचं काय, तक्रार कुणाकडे करायची, काढायचं झालं तर कुणी आणि कशावरून. एवढंच मागितलं. उत्तर मिळालं, "ही संघटना आहे, कंपनी नाही. नोकरी पाहिजे असेल तर सरकारात जा."

हे उत्तर आम्हांला मान्य नाही. का नाही, ते सगळ्या सभासदांपुढे मांडतो.

आपण रोज काय मागतो ते आधी बघा. रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. काम मागितल्यापासून पंधरा दिवसांत काम द्या, नाहीतर बेकारी भत्ता द्या, असं त्यात लिहिलंय. लिहिलंय म्हणून आपण तहसीलदाराच्या दारात जाऊन बसू शकतो. कामावर गेलो की मुकादमाला पहिलं विचारतो, मस्टर कुठाय? हजेरी मांडली का? जंगलखात्याचा गार्ड दंड घेतो, तर त्याच्याकडून पावती मागतो आणि ती पत्र्याच्या पेटीत जपून ठेवतो, कारण उद्या तीच पावती कसवणुकीचा पुरावा होते. बोलण्यावर काही टिकत नाही, हे आपल्या माणसाला शिकवावं लागत नाही. कागद सावकाराच्या हातात होता, आपल्या हातात नव्हता, म्हणूनच जमिनी गेल्या. मग जगाकडे मस्टर मागणाऱ्या संघटनेत आपल्याच कार्यकर्त्याचं मस्टर का नाही?

एकसाली प्लॉट काय असतो ते आपल्याला माहीत आहे. एका सालापुरती जमीन दिली. राबायचं तुम्ही, बांध घालायचे तुम्ही, पण पुढच्या साली ती तुमची राहील की नाही ते साहेबाच्या मर्जीवर. माणूस त्याच जमिनीवर म्हातारा झाला तरी तो एका सालाचाच. आज पाड्यावरच्या कार्यकर्त्याची गत तशीच आहे. पाच-पाच वर्षं पायी फिरतो, रात्री-बेरात्री बैठका घेतो, पोलिसांचा मार खातो. पण उद्या वरच्या कुणाचं मन फिरलं तर "आता तू घरीच राहा" एवढं एक वाक्य पुरतं. का, ते विचारायची जागा नाही.

दुसरं म्हणणं असं, की "आपण सगळे एका कुटुंबातले, घरात कुणी नियम लिहितं का?" साथींनो, हे वाक्य आपल्या आज्या-आजोबांनी ऐकलेलं आहे. जमीनदारही म्हणायचा, तू घरचाच माणूस, हिशोब कशाला? त्या बिनहिशोबी कामाचं नाव वेठ. लग्नासाठी घेतलेल्या पैशापायी जो जन्मभर राबला त्याचं नाव लग्नगडी. १९४५ साली वारली माणूस उठला तो या बिनहिशोबी कामाच्या विरोधात. ज्या जिल्ह्यात वेठ मोडली, त्या जिल्ह्यातल्या संघटनेने "घरच्यासारखं" हा शब्द जरा जपून वापरावा. संघटना जमीनदारासारखी आहे असं आम्ही म्हणत नाही. पण हिशोब नसला की चांगल्या माणसाच्या हातूनही अन्याय होतो, आणि झाला ते त्याला कळतसुद्धा नाही.

तिसरं म्हणणं त्यागाचं. शहरातून आलेल्या साथींनी घरदार सोडलं, लाठ्या खाल्ल्या, तुरुंग भोगला. ते आम्ही विसरलेलो नाही. पण नियम नसण्याचा तोटा सगळ्यांना सारखा होत नाही. मानधन तीन महिने थांबलं तर ज्याच्या मागे शहरात घर आहे, शिकलेला भाऊ आहे, त्याचं भागतं. आमच्यातला माणूस वीटभट्टीवर किंवा रेतीबंदरावर जातो. मग म्हणतात, "आदिवासी कार्यकर्ते टिकत नाहीत." टिकत नाहीत की टिकू देत नाहीत? न लिहिलेला नियमही नियमच असतो. फक्त तो ज्याला परवडतो त्याच्या बाजूचा असतो.

बाईसाठी तर तो आणखी वाईट. कामकरी बाईला बाळंतपणाची बारा आठवडे पगारी रजा देणारा कायदा १९६१ साली झाला. बाई आणि पुरुषाला सारख्या कामाला सारखी मजुरी, हा कायदा १९७६ साली झाला. शिबिरात हे दोन्ही कायदे आपण तोंडपाठ सांगतो. आणि पाड्यावरची बाई कार्यकर्ती पोटुशी राहिली की तिला काय सांगितलं जातं? "बाय, आता घर बघ. पोर मोठं झालं की ये." ती परत येत नाही. तिची जागा भरायला दुसरी मिळत नाही. मग मोर्चात बाया पुढे आणि कार्यकारिणीत बाप्येच, असं का, याचं आपल्याला नवल वाटतं.

"नियम आले की साहेबगिरी येते," असंही बोललं गेलं. आम्ही विचारतो, नियम नको कुणाला असतात? कारखान्यांसाठी १९४६ साली स्थायी आदेशांचा कायदा झाला. कामाच्या अटी, रजा, शिक्षा कशी द्यायची, हे मालकाने लिहून काढायचं आणि बहुतेक कामगारांना कळेल अशा भाषेत दाराजवळ फळ्यावर लावायचं. तारापूरला आपली पोरं कंत्राटदाराकडे जातात, तिथे कागदच नसतो, आणि म्हणून तिथे तोंड उघडता येत नाही. साहेबगिरी नियमाने येत नाही. नियम एकट्याच्या डोक्यात असला की येते.

राहिला पैसा. संघटनेकडे पैसा थोडा आहे, हे आम्हांला कळतं. वर्गणी आणि मूठमूठ तांदूळ आम्हीच गोळा करतो. पण नियमाला पैसा लागत नाही, पैशाच्या वाटणीला नियम लागतो. दोन भाकऱ्या असतील तर दोनच वाटा, पण कुणाला किती ते सगळ्यांना दिसू द्या.

आमचं म्हणणं असं आहे :

१. पूर्णवेळ कार्यकर्ता पाड्यांच्या बैठकीतून निवडावा. त्याचं काम, भाग आणि मानधन लिहून द्यावं. मानधन ठरल्या तारखेला मिळावं. उशीर होणार असेल तर आधी सांगावं.

२. शहरातला असो की पाड्यावरचा, बाई असो की बाप्या, सारख्या कामाला सारखं मानधन. घरची माणसं जास्त असतील तर त्याचा वेगळा भाग ठरवावा, पण तो सभेत ठरवावा.

३. आवणी आणि कापणीच्या दिवसांत शेतीसाठी पाळीपाळीने सुट्टी. आपला कार्यकर्ता शेतकरी आहे, हे धरूनच कामाचं वेळापत्रक करावं.

४. बाळंतपणात बारा आठवडे मानधनासकट रजा, आणि नंतर तिचं तेच काम तिला परत.

५. कार्यकर्ता तुरुंगात किंवा दवाखान्यात असेल तर मानधन घरी पोचावं, आणि त्याच्या शेताचं काम पाड्याने करावं. जामीन आणि तारखांचा खर्च संघटनेचा.

६. तक्रारीसाठी वेगळी समिती. तिच्यात निम्म्या बाया. ज्याच्याविरुद्ध तक्रार तो समितीत बसणार नाही, मग तो कितीही जुना असो. कारण लिहून दिल्याशिवाय आणि त्याचं म्हणणं ऐकल्याशिवाय कुणालाही काढू नये.

७. कायदा वाचणं, अर्ज लिहिणं, हिशोब ठेवणं, स्टेन्सिल कापणं, पत्रकारांशी बोलणं, ही कामं आम्हांला शिकवा. घोषणा द्यायला, भित्तीपत्रकं लावायला आणि सतरंज्या घालायला आम्ही, आणि कलेक्टरसमोर खुर्चीवर कायम दुसरेच, ही वाटणी बदलायला पाहिजे.

सातवा मुद्दा शेवटी लिहिला म्हणून तो लहान समजू नका. मानधन वाढलं आणि हे शिकणं झालं नाही, तर आपण फक्त पगारी हमाल होऊ. जमीन कसणाऱ्याची, असं आपण म्हणतो. मग संघटनाही तिच्यात राबणाऱ्याची पाहिजे.

हे सगळं दोन स्टेन्सिलवर मावतं. सोप्या मराठीत लिहा आणि पाड्यावर वारलीत वाचून दाखवा, म्हणजे ज्याला वाचता येत नाही त्यालाही आपला हक्क तोंडपाठ होईल. वर्षातून एकदा सर्वसाधारण सभेत त्यात बदल करता यावा.

आमची मागणी आहे, की पाऊस लागायच्या आत सर्वसाधारण सभा घ्यावी आणि हा विषय पहिला ठेवावा. आवणी सुरू झाली की माणूस शेतात जाईल आणि विषय पुन्हा वर्षभर लांबेल. तोवर प्रत्येक पाड्याने बैठक घेऊन हे सात मुद्दे वाचावेत. पटत नसेल ते खोडावं, राहिलं असेल ते जोडावं, आणि आठवडे बाजाराच्या दिवशी कार्यालयात लिहून द्यावं. तोंडी सांगू नका. लिहून द्या आणि पोच घ्या.

जिंदाबाद!

— पाड्यांवरचे पूर्णवेळ कार्यकर्ते