विश्लेषण : स्मार्टवॉचच्या जमान्यात चावीचं घड्याळ तरुणांना का हवंय?

विरारहून सुटणाऱ्या सकाळच्या लोकलमध्ये नजर फिरवली, तर मनगटामनगटांवर स्मार्टवॉच दिसतात. पावलं मोजणारी, मेसेज दाखवणारी. पण त्याच गर्दीत एखाद्या तरुणाच्या हातावर छोटंसं, पांढऱ्या डायलचं घड्याळ असतं. तीन काटे, बारा खुणा आणि कंपनीचं नाव. बाकी काही नाही. रोज चावी द्यावी लागणारी अशी घड्याळं संग्राहक शोधून शोधून घेतात. असं का? आणि यात फसगत कुठे होते?

साध्या डायलमध्ये असं काय आहे?

हे घड्याळ एकच काम करतं : वेळ सांगतं. दिवसभर स्क्रीनकडे पाहणाऱ्या पिढीला नोटिफिकेशन नसलेली वस्तू हवीशी वाटणं साहजिक आहे.

दुसरं कारण डिझाइनचं. स्विस डिझायनर मॅक्स बिल यांनी 1961 मध्ये जर्मनीच्या युंगहान्स कंपनीसाठी केलेली मनगटी घड्याळं याच साधेपणामुळे आजही नावाजली जातात. ही आवड ओळखून कंपन्या जुनी मॉडेल्स परत आणत आहेत. टाइमेक्सनं 2017 मध्ये आपलं 1960च्या दशकातलं चावीचं ‘मार्लिन’ 34 मिलिमीटरच्या जुन्याच मापात पुन्हा बाजारात आणलं.

तिसरं कारण दुरुस्तीचं. स्मार्टवॉचची बॅटरी काही वर्षांत थकते, मग सॉफ्टवेअर अपडेटही थांबतं. चावीचं घड्याळ मात्र साफसफाई आणि तेलपाणी झालं की पन्नास वर्षांनीही चालू शकतं.

भारतात एचएमटीचंच नाव का निघतं?

एचएमटीनं 1961 मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्यानं बंगळुरूमध्ये घड्याळं बनवायला सुरुवात केली. जनता, पायलट, सोना, कांचन ही मॉडेल्स घराघरांत पोहोचली. लग्नात जावयाला, निवृत्तीच्या दिवशी कर्मचाऱ्याला घड्याळ द्यायचं, तर ते एचएमटीचंच, असा तो काळ होता.

त्याआधीच्या काळातही मुंबईत स्विस घड्याळांचा मोठा व्यापार होता. फावर-ल्युबा आणि वेस्ट एंड वॉच कंपनी ही नावं जुन्या मुंबईकरांना आजही आठवतात.

जपानच्या सायकोनं 1969 मध्ये पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विक्रीला आणलं आणि जगभर चावीच्या घड्याळांचे दिवस फिरले. भारतात 1987 पासून टायटनची क्वार्ट्झ घड्याळं आली. चावी द्यायची कटकट नाही, वेळही अचूक. एचएमटी मागे पडत गेली आणि जानेवारी 2016 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं एचएमटी वॉचेस बंद करायला मंजुरी दिली. कारखाना बंद झाला आणि संग्राहकांचं कुतूहल मात्र वाढलं.

‘मुंबई स्पेशल’ म्हणजे काय?

जगभरातल्या संग्राहकांमध्ये हा शब्द कौतुकानं वापरला जात नाही. डायल नव्यानं रंगवलेलं, वेगवेगळ्या घड्याळांचे भाग जोडून तयार केलेलं आणि जुनं म्हणून ऑनलाइन विकलेलं घड्याळ म्हणजे ‘मुंबई स्पेशल’.

यामागे एक साधं कारणही आहे. किनाऱ्यावरच्या दमट, खाऱ्या हवेत डायल डागाळतं. वेळ नीट दिसावी म्हणून डायल रंगवून घेणं ही घड्याळजीची नेहमीची सेवा होती. त्यात फसवणूक नव्हती. फसवणूक सुरू होते ती ‘रंगवलेलं आहे’ हे लपवून विकताना.

आणि इथेच साधेपणा उलटतो. डायलवर तपशील जितके कमी, तितकं ते पुन्हा छापणं सोपं.

घेताना काय पाहायचं?

• अक्षरं भिंगातून पाहा. कडा फुटलेल्या किंवा शाई पसरलेली असेल तर संशय घ्या.
• तासांच्या खुणा आणि मिनिटांच्या रेघा एका ओळीत आहेत का?
• केस पन्नास वर्षांची आणि डायल कालच छापल्यासारखं? मग डायल बदललेलं किंवा रंगवलेलं असू शकतं.
• भडक हिरवा, केशरी असा डायलचा रंग दिसला, तर त्या मॉडेलचे जुने फोटो आधी शोधा.
• मागचं झाकण उघडून आतल्या मशीनचा फोटो मागा. विक्रेता टाळाटाळ करत असेल, तर व्यवहार टाळलेला बरा.

घरात जुनं घड्याळ असेल तर?

वसई-विरारमध्ये अनेक घरांच्या कपाटात आजोबांचं बंद पडलेलं घड्याळ असेल. ते चालू करून घ्या, पण डायल रंगवायला देऊ नका आणि केसला पॉलिशही करू नका. जुना भाग बदलावा लागला, तर तो परत मागून घ्या. पिवळं पडलेलं मूळ डायल संग्राहकाला नव्या रंगापेक्षा जास्त मोलाचं वाटतं, कारण मूळ छपाई एकदा पुसली की परत येत नाही.

खरा प्रश्न पुढचा आहे. घड्याळ टिकेल, पण ते उघडून दुरुस्त करणारा हात टिकेल का? आज नाक्यावरच्या घड्याळजीचं बरंचसं काम बॅटरी आणि पट्टा बदलण्यापुरतं उरलंय. जुन्या घड्याळांची ही नवी आवड त्याच्या दुकानापर्यंत पोहोचली, तरच तिचं आयुष्य फॅशनपेक्षा मोठं ठरेल.