खापर संस्कृतीवर नव्हे, राष्ट्रवादावर

ब्रूस कॅपफेरर या ऑस्ट्रेलियन मानवशास्त्रज्ञावर एक आक्षेप वर्षानुवर्षं घेतला जातो. श्रीलंकेतल्या तमिळविरोधी हिंसाचाराचं खापर त्यांनी सिंहली संस्कृतीवर फोडलं, असं म्हणतात. पुरावा म्हणून ‘लेजंड्स ऑफ पीपल, मिथ्स ऑफ स्टेट’ (१९८८) हे पुस्तक पुढे केलं जातं. भूतबाधा उतरवण्याच्या विधीतली तऱ्हा त्यांना दंगलीतही दिसली, म्हणजे अख्खा समाजच त्यांनी झपाटलेला ठरवला, असा हा युक्तिवाद.

त्याचा आधार कच्चा नाही. जुलै १९८३ मध्ये जाफन्यात तमिळ बंडखोरांच्या हल्ल्यात १३ सैनिक मारले गेले आणि कोलंबोत तमिळांची घरंदारं पेटली. जमावाच्या हातात मतदारयाद्या होत्या. कुठलं घर तमिळांचं, ते यादीत पाहून हेरलं जात होतं. हे पूर्वतयारीचं काम होतं. शिवाय १९५६ चा सिंहलीला एकमेव राजभाषा करणारा कायदा होता, नोकऱ्यांवरून आणि विद्यापीठ प्रवेशांवरून चाललेली ओढाताण होती. एवढं समोर असताना पुराणकथा कशाला उकरायच्या?

पण स्वार्थ आणि सत्ता यांचं गणित कॅपफेरर यांना कळत नव्हतं, हे मात्र साफ खोटं. मानवशास्त्रज्ञ मॅक्स ग्लुकमन यांच्या मँचेस्टर परंपरेत ते तयार झाले. त्यांचं सुरुवातीचं संशोधन झांबियातल्या काब्वे शहरातलं. तिथल्या भारतीय मालकाच्या कपड्यांच्या कारखान्यात आफ्रिकी कामगार एकमेकांशी आणि मालकाशी कसे व्यवहार जुळवतात, संपाच्या वेळी कोण कुणाच्या बाजूने उभं राहतं, यावर त्यांनी १९७२ मध्ये पुस्तक लिहिलं. देवाणघेवाणीचा हिशेब मांडण्यात मुरलेला हा माणूस. तोच हिशेब कुठे अपुरा पडतो, हे त्यांना श्रीलंकेत दिसलं. घर कुणाचं, हे मतदारयादी सांगते. ते जाळणाऱ्याला आपण धर्म आणि राज्य राखतो आहोत असं का वाटलं, हे यादीत सापडत नाही.

त्यासाठी ते गॉल भागातल्या तोविल या भूतबाधा उतरवण्याच्या विधीकडे गेले. यक्षाने, म्हणजे भुताने, धरलेला रोगी समोर बसतो, रात्रभर ढोल आणि नाच चालतो. पहाटेच्या सुमाराला मुखवटे घातलेले यक्ष येतात. त्यांची फजिती होते, माणसं हसतात, रोगीही हसतो. यक्षाला इथे कुणी मारत नाही. बुद्धाच्या सत्तेखाली, उतरंडीत तळाला, त्याची जागा त्याला पुन्हा दाखवली जाते आणि रोगी माणसांत परततो. अंगणातला हा विधी बरं करणारा आहे, असंच कॅपफेरर म्हणतात. राष्ट्रवाद तीच उतरंड उचलून राज्यसंस्थेच्या हाती देतो. मग राज्याला तडा गेला की प्रत्येकाला आपल्यालाच तडा गेल्यासारखं वाटतं, आणि यक्षाच्या जागी तमिळ शेजारी उभा केला जातो. ‘महावंसा’ या प्राचीन इतिवृत्तातला सिंहली राजा दुट्टगामणी तमिळ राजा एळाराला मारतो, पण त्याच्या स्मारकाला मान द्यायलाही लावतो. विसाव्या शतकातल्या प्रचाराने लढाई तेवढी उचलली. बोट ठेवायचं ते या उचलाउचलीवर.

एक गोष्ट मला पटत नाही. मानवशास्त्रज्ञ लुई द्युमाँ यांनी भारतीय जातिव्यवस्थेवरून बेतलेली उतरंडीची कल्पना कॅपफेरर फार विश्वासाने वापरतात. द्युमाँ यांची ती मांडणी वरच्या जातींच्या नजरेतून झालेली आहे, हे जातीचे चटके सोसलेल्यांना सांगावं लागत नाही. सिंहली समाजही कॅपफेरर सांगतात तेवढा एकजीव नाही. ही उणीव खरी, पण तिच्यावरून संस्कृतीवर खापर फोडल्याचा आरोप सिद्ध होत नाही.

कारण पुस्तकाचा उरलेला भाग त्यांच्या स्वतःच्या देशावर आहे. १९१५ च्या गॅलिपोली मोहिमेची आठवण ऑस्ट्रेलिया दर २५ एप्रिलला अँझॅक दिन म्हणून जागवतो. पहाटे स्मारकापाशी प्रार्थना, मग माजी सैनिकांचं संचलन, दुपारी दारू आणि नाणी उडवून खेळायचा जुगार. सगळे सारखे, सगळे दोस्त, हा तिथला मंत्र. या समतेच्या श्रद्धेलाही कॅपफेरर तितक्याच कठोरपणे तपासतात. सारखेपणालाच राष्ट्र मानलं की वेगळा दिसणारा स्थलांतरित परका ठरतो, असं ते दाखवून देतात. परक्यांचे विधी ते अंधश्रद्धा आणि आपले ते देशप्रेम, ही सोयीची वाटणी त्यांनी केली नाही. राष्ट्रवाद अभ्यासणाऱ्याकडून मला पहिली अपेक्षा हीच आहे, आणि ती पुरी करणारे अभ्यासक मोजकेच. श्रीलंकेवरची प्रकरणं वाचून निकाल देणाऱ्यांनी आधी ऑस्ट्रेलियावरची प्रकरणं वाचावीत.