पाहुण्यांच्या हाती गळ द्या



मे महिन्यात गिरगाव, दादर, लालबाग, परळहून भाचे-पुतणे गावी येतात. शेततळे दिसले की त्यांना गळ टाकायची हौस येते. त्या हौसेचा उपयोग करून घ्या.

तळ्यात आपण रोहू, कटला सोडतो. पण कालव्याच्या पाण्याबरोबर तिलापिया, म्हणजे आपली चिलापी, आत शिरते. आफ्रिकेतला हा मासा १९५२ साली भारतात आणला गेला. रोहू-कटला साठलेल्या पाण्यात वीत नाहीत. चिलापी दोन-तीन महिन्यांची होताच अंडी घालते आणि मादी ती तोंडात सांभाळते. मग गर्दी होते. चिलापी बोटाएवढीच राहते आणि रोहूचे खाद्य मात्र खाते. अमेरिकेत क्रॅपी नावाचा मासा लहान तळ्यांत असाच खुजा राहतो.

गळाला गांडूळ किंवा कणकेची गोळी लावा. शहरातली मुले दयेने लहान मासा परत सोडतात, तसे करू देऊ नका. मिळेल ती चिलापी बाहेर काढा. कालवणाला होते.

गळाने गर्दी कमी होते, बी संपत नाही. म्हणून रोहू-कटला विकल्यावर, पावसाआधी तळे पूर्ण सुकवा. पाणी भरताना पाइपाच्या तोंडाला बारीक जाळी बांधा, मगच नवी बोटुकली सोडा.

एक गोष्ट मात्र विसरू नका. प्लॅस्टिक कागदाच्या तळ्यात पाय घसरला तर पोहणाऱ्यालाही वर येणे कठीण जाते. काठावर दोर आणि हवा भरलेली ट्यूब ठेवा. मुलांजवळ मोठे माणूस नसेल, तर त्या दिवशी गळ घरातच राहू द्या.