फी मोजता, मग वर्षेही मोजा

दहावी-बारावीचे निकाल लागले की घरोघरी एकच प्रश्न विचारला जातो, "पुढे काय करणार?" आपण उत्तरात पदाचे नाव सांगतो. डॉक्टर, वकील, शिक्षिका. त्या नावापर्यंत पोहोचायला किती वर्षे, कोणत्या परीक्षा आणि किती पैसे लागतील, हे मात्र फार थोड्या घरांत मांडून पाहिले जाते. मग दुसऱ्या वर्षी अब्बूंचे काम सुटते आणि शिक्षण अर्ध्यावर राहते. मुलगा गॅरेजला जातो, मुलीच्या निकाहची बोलणी सुरू होतात.

या गळतीला सरकारही जबाबदार आहे. आपले मागासलेपण सच्चर समितीने २००६ मध्येच देशासमोर मांडले. तरीही २०२२ मध्ये केंद्राने मौलाना आझाद फेलोशिप बंद केली. त्याविरुद्ध बोलत राहावेच लागेल. पण प्रवेशाचा अर्ज याच वर्षी भरायचा आहे. त्यासाठी हिशेब आपल्यालाच करावा लागेल.

एमबीबीएस असो वा बीयूएमएस, आधी नीट, मग साडेचार वर्षे अभ्यास आणि एक वर्ष इंटर्नशिप. नीटसाठी एक वर्ष थांबलात तर साडेसहा. बारावीनंतर वकिलीची पाच वर्षे, शिवाय बार परीक्षा. आता दुसरा मार्ग पाहा. जीएनएम नर्सिंग तीन वर्षांचे. परिषदेकडे नोंदणी झाली की नोकरी करता येते आणि पुढे दोन वर्षांत पोस्ट बेसिक बीएस्सीही होते. दहावीनंतर आयटीआयचा इलेक्ट्रिशियन दोन वर्षांत तयार होतो. तेथून डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला आणि डिप्लोमानंतर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येते. हा रस्ता लांबचा आहे, पण वाटेत प्रत्येक टप्प्यावर हाताला काम मिळू शकते. घरावर संकट आले तरी आधीची वर्षे वाया जात नाहीत.

याचा अर्थ आपल्या मुलांनी लहान स्वप्ने पाहावीत, असा नाही. डॉक्टर व्हायचे असेल तर जरूर व्हा. फक्त साडेपाच-साडेसहा वर्षे घर कसे चालेल, हे आजच अम्मी-अब्बूंशी बोला. आणि हा हिशेब बहीण-भावासाठी सारखाच हवा. मुलाला सहा वर्षे द्यायची आणि मुलीला "दोन वर्षांत उरकेल असे काही घे" म्हणायचे, हा निव्वळ अन्याय आहे.

आणखी एक गोष्ट तपासा. गल्लोगल्ली 'पॅरामेडिकल' आणि 'नर्सिंग'चे फलक लागलेले दिसतात. फी भरण्याआधी त्या अभ्यासक्रमाला संबंधित परिषदेची मान्यता आहे का, हे स्वतः परिषदेच्या संकेतस्थळावर पाहा. मान्यता नसेल तर ते प्रमाणपत्र नोंदणीच्या वेळी कामाला येत नाही. उलट, उस्तादांच्या हाताखाली वर्षानुवर्षे काम शिकलेल्या आपल्या हजारो भावांकडे हुनर आहे, कागद नाही. कौशल्य विकासाच्या सरकारी योजनांत अशा हुनराची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय आहे. त्यांनी ती जरूर वापरावी.

आज रात्री जेवणानंतर वही घ्या. आवडीचे तीन व्यवसाय लिहा. प्रत्येकापुढे वर्षे, एकूण खर्च, प्रवेशपरीक्षा, मान्यता आणि पहिली कमाई कधी, हे भरा. ते पान घरात सर्वांसमोर वाचा आणि मगच अर्ज भरा.