घरी फोन करायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?

विधी महाविद्यालयांतले विद्यार्थी, प्राध्यापक आणि पालक यांच्यासाठी

आमच्या शहरातल्या एका लॉ कॉलेजात या सत्रात काय घडलं, ते हे पत्रक हातात घेणाऱ्या बहुतेकांना ठाऊक आहे. काही विद्यार्थ्यांनी तृतीयपंथी व्यक्तींना ओळख-प्रमाणपत्राचे अर्ज भरून देण्यासाठी मदतकेंद्र सुरू केलं. त्याच मुलांनी कॉलेजातल्या एलजीबीटी विद्यार्थ्यांचा एक गट जाहीर केला आणि नोटीस बोर्डावर कागद लावला. कागदाखाली नावं होती. आठवडा उलटायच्या आत ऑफिसातून त्या नावांच्या घरी फोन गेले. त्यातली एक मुलगी आज वर्गात नाही. तिला गावी नेलं, मोबाइल काढून घेतला आणि परीक्षेचा फॉर्म भरायची मुदत तशीच निघून गेली.

हे वाचून तुम्हाला चीड आली असेल, तर भेदभाव का वाईट हे मी नव्याने समजावत बसत नाही. गटाला परवानगी नाकारली, कागद फाडला, त्यावर वेगळं लिहिता येईल. मला एकाच गोष्टीबद्दल बोलायचं आहे, कारण बाकी सगळं तिच्या जोरावर चालतं. ती म्हणजे सज्ञान विद्यार्थ्याला न विचारता त्याच्या घरी फोन करण्याची पद्धत.

ही पद्धत कुठल्याही नियमावलीत लिहिलेली नाही. तिचा आदेश निघत नाही, जावक रजिस्टरात नोंद होत नाही, खाली कुणाची सही नसते. "तुमच्या मुलीकडे जरा लक्ष द्या, तिची संगत बरोबर नाही," एवढं एक वाक्य फोनवर बोललं जातं आणि कॉलेज हात झटकून मोकळं होतं. निलंबन केलं असतं तर कारणे दाखवा नोटीस द्यावी लागली असती. चौकशी समिती नेमावी लागली असती, मुलीचं म्हणणं ऐकावं लागलं असतं, आणि ती उच्च न्यायालयात गेली असती तर उत्तर द्यावं लागलं असतं. फोनला यातलं काहीच लागत नाही. प्रशासकीय कायद्याच्या तासाला नैसर्गिक न्यायाची तत्त्वं शिकवणारी संस्था सुनावणीशिवाय शिक्षा करते, आणि ती शिक्षा अमलात आणायचं काम मुलीच्या बापावर टाकते. मारहाण झाली तर ती घरात झाली. लग्न ठरवलं तर ते घरच्यांनी ठरवलं. शिक्षण सुटलं तर ते मुलीने सोडलं. कॉलेजच्या कागदांवर डाग नाही.

याला मी भ्याडपणा म्हणतो. माझ्याकडे याहून सौम्य शब्द नाही.

आता कायदा पाहू, कारण आपण कायद्याच्या कॉलेजबद्दल बोलतो आहोत. सज्ञानतेचा कायदा १८७५ सालचा आहे. त्यानुसार १८ वर्षं पूर्ण झालेला माणूस करार करतो, मृत्युपत्र करतो. १९८९ पासून तो मतदान करतो आहे. त्याने गुन्हा केला तर त्याला प्रौढांच्या तुरुंगात पाठवतात, तेव्हा कुणी "अजून लहान आहे" म्हणत नाही. पदवीनंतरच्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला येणारे तर विशी ओलांडूनच येतात. लवकरच ही मुलं दुसऱ्याच्या जामिनासाठी कोर्टात उभी राहणार आहेत. त्यांच्या पक्षकाराचं गुपित त्यांनी जपावं अशी कायद्याची सक्ती आहे. त्यांचं स्वतःचं गुपित मात्र ऑफिसातला कुणीही दुपारच्या चहाबरोबर वाटून टाकतो.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमताने निर्णय दिला. लैंगिक कल हा त्या हक्काचा गाभ्यातला भाग आहे, हेही त्यात आलं. ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायाधीशांनी, पुन्हा एकमताने, सज्ञानांच्या संमतीच्या संबंधांपुरतं कलम ३७७ रद्द केलं. १८६० च्या भारतीय दंड संहितेतून आलेली ती बेडी तुटायला १५८ वर्षं लागली. त्या निकालात न्या. इंदू मल्होत्रा यांनी लिहिलं आहे की, एलजीबीटी समाजाची आणि त्यांच्या कुटुंबीयांची इतिहासाने क्षमा मागायला हवी. हे निकाल वाचून मुलं परीक्षा देतात. उत्तरपत्रिकेत लिहिलं तर गुण मिळतात आणि नोटीस बोर्डावर लिहिलं तर घरी फोन जातो, अशी ही संस्था आहे.

"कागदावर त्यांनीच नाव लिहिलं, मग लपवायचं काय राहिलं?" हा आक्षेप मी इतक्यांदा ऐकला आहे की त्याला शांतपणे उत्तर देणं जड जातं, तरी देतो. माणूस कोणाला काय सांगायचं ते स्वतः ठरवतो, आणि खाजगीपणा म्हणतात तो यालाच. वर्गमित्रांना सांगितलेली गोष्ट आईला कधी, कोणत्या शब्दांत, घरात कोण असताना सांगायची याचा विचार ती मुलगी कदाचित वर्षभर करत असेल. सार्वजनिक जागी उभं राहिल्याने खाजगीपणा संपत नाही, हे २०१७ च्या त्याच निकालात आहे. पण तो निकाल ग्रंथालयात आहे आणि फोन ऑफिसात.

दुसरा आक्षेप काळजीचा. "आम्ही आई-वडिलांच्या जागी आहोत." नाही, तुम्ही नाही. आणि असतात तरी उपयोग झाला नसता. २०१८ मध्ये हादिया या तरुणीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की, सज्ञान मुलीने कोणाबरोबर राहायचं, कोणाशी लग्न करायचं हे तिचा बाप ठरवू शकत नाही, आणि तिची पालक बनून न्यायालयही ठरवू शकत नाही. जो अधिकार सख्ख्या बापाला नाही आणि उच्च न्यायालयाला नाही, तो कॉलेजच्या ऑफिसने कुठून आणला?

काळजी असते ती आधी त्या मुलाशी बोलते. घरी कळलं तर काय होईल, हा प्रश्न ती पहिल्यांदा विचारते. ज्यांनी फोन केले त्यांनी तो कुणाला विचारला नाही. अशा फोननंतर घरांत काय होतं ते न्यायालयांना चांगलं माहीत आहे. मदुराईच्या दोन तरुणी २०२१ मध्ये घर सोडून चेन्नईला गेल्या. आई-वडिलांनी त्या हरवल्याच्या तक्रारी दिल्या, पोलीस मागे लागले. त्यांनी मद्रास उच्च न्यायालयाकडे संरक्षण मागितलं. न्या. आनंद व्यंकटेश यांनी आपल्याला समलिंगी नात्यांचा विषय पुरेसा कळत नसल्याचं मोकळेपणाने मान्य केलं आणि मानसशास्त्रज्ञाकडे बसून तो समजून घेतला. मग लैंगिक कल "बरा" करण्याच्या उपचारांवर त्यांनी बंदी घातली, आणि अशा तक्रारीत व्यक्ती सज्ञान असल्याचं व स्वतःच्या मर्जीने गेल्याचं तिच्या जबाबावरून दिसलं की पोलिसांनी तक्रार बंद करावी, असा आदेश दिला. उच्च न्यायालयाचा न्यायाधीश हे करू शकतो. आमच्या प्राचार्यांना आणि विश्वस्तांना तेवढी सवड नाही.

११ मार्च २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या उच्च न्यायालयांसाठी सूचना दिल्या. एखाद्याला घरच्यांनी डांबून ठेवल्याची तक्रार आली, तर त्याला घरच्यांपासून दूर, एकट्याने, मोकळेपणाने बोलू द्यावं. त्याचा कल बदलावा म्हणून समुपदेशनाला पाठवू नये. देशाचं सर्वोच्च न्यायालय घरापासूनचं संरक्षण कसं द्यावं हे सांगतं आहे, आणि कॉलेज घराला पत्ता पुरवतं आहे.

आणखी एक कागद दाखवतो. प्रवेशाच्या वेळी रॅगिंगविरोधी प्रतिज्ञापत्र भरून घेतात, विद्यार्थ्याचं वेगळं आणि पालकाचं वेगळं. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ मध्ये रॅगिंगविरोधी विनियमांत दुरुस्ती केली. लैंगिक कलावरून किंवा लिंगभावावरून विद्यार्थ्याला मानसिक त्रास देणं, वाळीत टाकणं हे तेव्हापासून रॅगिंग आहे. म्हणजे वर्गातल्या एखाद्या पोराने त्रास द्यायला त्या मुलीच्या घरी फोन केला असता, तर त्याच्यावर कारवाई करावी लागली असती. तेच ऑफिसने केलं की त्याचं नाव शिस्त. पालकांच्या सहीचं प्रतिज्ञापत्र त्याच ऑफिसच्या कपाटात आहे.

"पालक फी भरतात, त्यांना कळायला नको?" शैक्षणिक कर्ज घेतलेल्यांची फी बँक भरते. म्हणून मुलगी कोणावर प्रेम करते हे तुम्ही शाखाधिकाऱ्याला कळवता का?

"काही जण तर १७ वर्षांचे असतात." असतात, बारावीनंतर पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला आलेले. मग त्यांच्या बाबतीत दुप्पट जपायला हवं. २०१५ च्या बाल न्याय कायद्याने मुलांच्या खाजगीपणाचं आणि गोपनीयतेचं तत्त्व मूलभूत तत्त्वांत घातलं आहे. वय कमी असणं ही बोभाटा करण्याची मुभा नव्हे.

मग येतं ते ठेवणीतलं वाक्य: "हे विषय लॉ कॉलेजचे नाहीत, आपल्या संस्कृतीचेही नाहीत." बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक लॉ कॉलेजने विधी साहाय्य केंद्र चालवायलाच हवं. तृतीयपंथी व्यक्तीला ओळख-प्रमाणपत्र जिल्हा दंडाधिकारी देतात. अर्ज ऑनलाइन असतो, शपथपत्र लागतं, जुन्या कागदांवर जुनं नाव असतं, आणि डेऱ्यात राहणाऱ्या कित्येकांकडे जुने कागदच नसतात. ही मुलं ते अर्ज भरून देत होती. कॉलेजचं बंधनकारक काम ती फुकट करत होती. राहिली संस्कृती. र. धों. कर्व्यांच्या 'समाजस्वास्थ्य'वर १९३४ मध्ये अश्लीलतेचा खटला चालला. वाचकांनी लैंगिक प्रश्न विचारले आणि कर्व्यांनी उत्तरं दिली, हा गुन्हा. कर्व्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. खटला हरले, पण वकीलपत्र घेतलं. ज्या कॉलेजच्या भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर आहे, त्याने हे विषय आपले नाहीत असं म्हणू नये.

कॉलेजचं नाव खराब होईल ही भीतीही निराधार आहे. हैदराबादच्या नालसार विधी विद्यापीठाने २०१५ मध्ये एका पदवीधराला तिच्या विनंतीवरून श्री-कुमारीऐवजी लिंगनिरपेक्ष संबोधनाचं प्रमाणपत्र दिलं. त्यापायी नालसारचं नाव खराब झालं नाही.

नाव कशाने जातं ते मराठी माणसाला माहीत असायला हवं. अलीगढच्या विद्यापीठात मराठी शिकवणारे नागपूरचे प्रा. श्रीनिवास रामचंद्र सिरस कवी होते, निवृत्तीला आले होते. ८ फेब्रुवारी २०१० रोजी काही लोक कॅमेरा घेऊन त्यांच्या घरात घुसले. घुसणाऱ्यांऐवजी, समलैंगिकतेवरून, निलंबन सिरसांचं झालं. १ एप्रिलला अलाहाबाद उच्च न्यायालयाने निलंबनाला स्थगिती दिली. ७ एप्रिलला ते भाड्याच्या घरात मृतावस्थेत सापडले. ते ज्या भाषेचे प्राध्यापक होते, ती आपली भाषा आहे. दुसऱ्याच्या बंद दारामागचं जगाला दाखवायचा हक्क आपल्याला आहे, असं मानणाऱ्यांनी सुरुवात केली आणि संस्थेने त्यांची री ओढली. घरी फोन करणारे याच समजुतीने वागतात. त्यांच्या हाती कॅमेरा नाही, एवढंच.

पालकहो, असा फोन तुम्हाला आला तर फोन करणाऱ्याचं नाव आणि हुद्दा विचारा. हे लेखी पाठवा म्हणा. तुमच्या मुलाला विचारून फोन केलात का, हेही विचारा. मग मुलाला फोन करा, पण त्याच रात्री त्याला आणायला निघू नका. त्याचं ऐकून घ्या. त्याने तुम्हाला आधी सांगितलं नाही याचा राग येईल. तो राग त्याच्यावर न काढता, त्याच्याकडून ती वेळ हिरावून घेणाऱ्यांवर काढा.

कॉलेजकडे मागणी अशी: विद्यार्थ्याच्या लेखी संमतीशिवाय त्याच्या खाजगी आयुष्याबद्दल कोणालाही कळवलं जाणार नाही, असं परिपत्रक प्राचार्यांच्या सहीने काढा. ज्यांनी फोन केले त्यांची चौकशी करा. त्या मुलीचा परीक्षेचा फॉर्म विलंब शुल्काशिवाय भरून घ्या आणि ते तिला कळवा. तिच्या घरच्यांना नव्हे, तिला.